सत्तावीस नंबरचं खोकं

कस्तुराताईंनी माझा पहिलाच तास रिजेक्ट केला. वहीतल्या पानावर लाल पेनाने एक फुली मारली, पान माझ्यासमोर धरलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, हे आज बसलं न्हाई. परवा परत घ्या."

मी नीलिमा. वाकडला राहते आणि चौदा वर्षं स्पॅनिश शिकवते. माझे विद्यार्थी म्हणजे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणारी आयटीतली पोरं. त्यांच्यासाठी मी क्रियापदांचे रंगीत तक्ते केलेत, हिरवा, केशरी, जांभळा, आणि त्या तक्त्यांचा मला बऱ्यापैकी गर्व आहे. होता, म्हणा. तो कोणी असा पानभर फुली मारून परत करेल असं मला वाटलं नव्हतं. घरी येऊन मी भाजीवर राग काढला.

चाकणच्या ज्या कारखान्यात हा तास झाला, तिथे गाड्यांच्या दारांची कुलपं बनतात. मूळ कंपनी स्पेनची. तिथली एक नवी लाइन इकडे यायची होती, आणि ती चालवायला शिकण्यासाठी इथली दोन माणसं सहा आठवडे तिकडे जाणार होती. तिथे कामगारांना इंग्रजी येत नाही, म्हणून इकडच्या दहा जणांना स्पॅनिशची तोंडओळख करून द्यायची, असं ठरलं. बारा आठवडे, मंगळवार आणि गुरुवार, पहिली शिफ्ट सुटल्यावर पावणेचारला. फक्त साधा वर्तमानकाळ. मी काय करते, तो काय करतो, आम्ही काय करतो, एवढं सांगता आलं की झालं. शेवटी स्पेनहून एक बाई येऊन प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलणार आणि दोघांना निवडणार.

दहांतले नऊ जण तिशीच्या आतले. दहाव्या कस्तुराताई, वय सेहेचाळीस. ठेंगण्या, निळा कोट, जड सेफ्टी शूज, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. माहेर आणि सासर दोन्ही धाराशिवकडचं. लग्नानंतर नवनाथभाऊंबरोबर मोशीला आल्या, कारखान्यात पॅकिंगला लागल्या आणि अठरा वर्षांत शेवटच्या तपासणीच्या टेबलापर्यंत पोचल्या. त्या टेबलावर प्रत्येक कुलूप गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसवून बघायचं. बसलं तर उजव्या हाताने खोक्यात, नाही बसलं तर डाव्या हाताने लाल ट्रेमध्ये. खोकं भरलं की चिठ्ठीवर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा आणि खोकं बंद; ते मग स्पेनला जातं. कस्तुराताईंचा नंबर सत्तावीस.

त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं कारखान्यात जागोजागी आहेत. वर्गातला अजिंक्य त्यातलाच. डिप्लोमावाला, आता लाइन लीडर आहे, पण गेज कसं धरायचं ते त्याला ताईंनीच शिकवलं, आणि अजूनही तो चुकला तर त्या सगळ्यांसमोर त्याचा कान धरतात. याआधी दोनदा कंपनीने माणसं परदेशी पाठवली होती. दोन्ही वेळा ताईंच्याच हाताखाली तयार झालेली. दोन्ही वेळा ती माणसं परत येताना ताईंना किचेन घेऊन आली.

"कपाटाला एक आन् गाडीला एक," ताई म्हणाल्या. "तिसरं कुलूप न्हाई आता घरात."

त्यांनी हे हसत सांगितलं आणि वर्गही हसला. पण पुढे त्या जे म्हणाल्या त्यावर कोणी हसलं नाही. "मला तिकडं फिरायचं न्हाई मॅडम. मी अठरा वर्सं खोकी भरून पाठवायले. एकाला एक लावून, रांगा करून भरते. ते खोकं तिकडं कोण उघडतं, तेवढं मला बघायचं हाय."

म्हणजे कस्तुराताईंना जायचं होतं, आणि का जायचं होतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. आयटीतल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना ते आजतागायत सांगता आलेलं नाही.

दुसऱ्या तासालाही माझे तक्ते चालले नाहीत. सहा रूपं फळ्यावर लिहिली की दहाही जण निमूटपणे उतरवून घ्यायचे आणि कोणाला काहीही विचारलं की खाली बघायचे. तिसऱ्या तासाला ताई म्हणाल्या, "मॅडम, तुमी सहाच्या सहा नग एकदम टेबलावर ओतायलात. चला, तुमाला एक दाखवते." मला त्यांनी हाताला धरून खाली शॉपवर, मशीनच्या मजल्यावर, नेलं. शिकवायला आलेल्या बाईला असं कोणी ओढत नेत नाही, पण माझं ऐकतंय कोण.

भिंतीवर हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्याराच्या आकाराची जागा त्यावर रंगवलेली, म्हणजे काय कुठे टांगायचं आणि काय गायब आहे ते लांबूनही दिसावं. मधोमध गोटी पाना. दांडा एकच आणि शेजारी ओळीने त्याच्या टोकाला बसवायच्या लहानमोठ्या गोट्या.

"हा दांडा म्हंजे तुमचं ते त्राबाख," ताई म्हणाल्या. "त्याची शेपटी काढली की उरतो तो. आन् ह्या सहा गोट्या. माझी गोटी ओ, तुझी आस, त्याची आ. नट बघायचा, गोटी लावायची, फिरवायचं. दांडा कशाला बदलायचा?"

त्राबाखार म्हणजे काम करणे. मी काम करते, त्राबाखो. तू करतोस, त्राबाखास. तो करतो, त्राबाखा. चौदा वर्षं मी हे तीन रंगांत समजावत होते आणि या बाईने ते एका दांड्यात संपवलं. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या तासाला प्रशिक्षणाच्या खोलीत पुठ्ठ्याचा फळा तयार होता. अजिंक्यने कापला होता, ताईंनी रंगवला होता. क्रियापदांच्या शेपटीप्रमाणे तीन ओळी होत्या: आर-वाले, एर-वाले आणि ईर-वाले. प्रत्येक ओळीत सहा जागा, आणि अडकवायला पुठ्ठ्याच्या गोट्या. कोणीही उठायचं, दांडा घ्यायचा, गोटी लावायची, मोठ्याने म्हणायचं आणि परत जागेवर टांगायचं. एखादी गोटी चुकीच्या ओळीत लागली की दहा जण एका सुरात ओरडायचे. जी क्रियापदं नियमाला जुमानत नाहीत, असणे, जाणे, येणे, वगैरे, त्यांच्यासाठी ताईंनी बाजूला वेगळी खुंटी ठोकली आणि वर लिहिलं, 'युनियनवाले'. "ह्यांना कायदा लागू न्हाई," त्या म्हणाल्या. "पण काम ह्यांच्याशिवाय हालत न्हाई." तो फळा मी आता वाकडच्या वर्गातही लावलाय. जांभळा तक्ता माळ्यावर गेला.

ते दिवस मजेचे होते. खोक्याला स्पॅनिशमध्ये काखा म्हणतात हे कळलं त्या दिवशी पाच मिनिटं वर्ग हातात राहिला नाही. एकदा ताईंनी मध्येच थांबवून विचारलं, "आपल्यात बाई म्हणते करते आन् गडी म्हणतो करतो. तिकडं दोगंबी त्राबाखोच?"

"दोघंही त्राबाखोच."

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. "क्रियापदात तरी सारखं हाय."

मोशीच्या घरी पण अभ्यास चालायचा. नवनाथभाऊ टेम्पो चालवतात. ताई पोळ्या लाटताना स्पॅनिशमध्ये म्हणायच्या, मी खाते, आणि ताटावर बसलेल्या भाऊंनी म्हणायचं, तो खातो. भाऊंनी कंटाळून मराठीत उत्तर दिलं तर दुसरी पोळी उशिरा यायची. हे मला भाऊंनीच सांगितलं, तक्रारीच्या सुरात, पण तोंडभर हसत.

नवव्या आठवड्यात आमचं वाजलं.

रूपं आली होती, आता बोलायचं होतं. मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट बजावते, की बोलताना चुकलात तर थांबू नका, पुढे चला, ऐकणारा समजून घेतो. नऊ जणांनी ते आनंदाने मान्य केलं. अजिंक्य तर असा सुटला की 'आम्ही जातो' आणि 'तुम्ही जाता' यांत काही फरक आहे हेच तो विसरला, पण गाडी थांबायची नाही. ताईंचं उलटं. वाक्य चुकलं की त्या तिथेच थांबायच्या. डावा हात टेबलावरून काहीतरी बाजूला सारल्यासारखा डावीकडे जायचा आणि मग त्या वाक्य पहिल्यापासून म्हणायच्या. पुन्हा चुकलं, पुन्हा हात डावीकडे. एका वाक्याला कधी कधी मिनिटभर.

"ताई, पुढे चला," मी म्हणाले.

"चुकलेलं तसंच पुढं कसं देऊ?"

"ही भाषा आहे, कुलूप नाही."

"ऐकणाऱ्याच्या हातात वाकडा नग द्यायचा?"

"अशाने दहा मिनिटांत तुमची चार वाक्यं होतील."

"होऊ द्या. चार तर चार."

त्या दिवशी मी मोशीच्या चौकात पाऊण तास अडकून आले होते, डोकं तापलेलं होतं. मी म्हणाले, "मग तिसरी किचेन घ्यायची तयारी ठेवा."

ताईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वहीत बघत बसल्या. बोलले ते बोलले. परतीच्या वाटेवर मी स्वतःला इतकी नावं ठेवली की विचारू नका. गुरुवारी ताई आल्या नाहीत. माझा तास नऊ जणांसमोर कसाबसा झाला. ताईंनी नाद सोडला, आणि तो माझ्यामुळे सोडला, असं धरून मी चार दिवस नीट जेवले नाही.

मंगळवारी त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या. समोर डबा, त्यात धपाटे.

"गुरुवारी ऑडिट व्हतं लाइनवर," त्या म्हणाल्या. "अजिंक्यने सांगितलं न्हाई व्हय?"

अजिंक्यने सांगितलं नव्हतं. त्याचा कान तेवढ्यात धरला गेला. मग ताई माझ्याकडे वळल्या. "पण मॅडम, ते किचेनचं बोललात ते लागलं मला."

मी माफी मागितली. नीट मागितली, सगळ्यांसमोर, जसं बोलले होते तसं. त्यांनी एक धपाटा माझ्या हातावर ठेवला. "मीबी थांबायचं न्हाई असं ठरवते," म्हणाल्या. "पण हाताला अठरा वर्सांची सवय हाय. तो ऐकंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

स्पेनहून आलेल्या बाईंचं नाव बेगोन्या. पन्नाशीच्या, उंच, केस पांढरे आणि आखूड, तिथल्या कारखान्यात मालाच्या तपासणीच्या प्रमुख. मुलाखती सकाळी दहाला मीटिंगच्या खोलीत होत्या. अगदीच अडलं तर सांगायला म्हणून मला मागच्या खुर्चीत बसू दिलं होतं. अजिंक्य पहिला गेला. दहा मिनिटांत तीसेक वाक्यं बोलला, त्यातली पंधरा लंगडी, पण बेगोन्याबाई मान डोलवत राहिल्या. तो बाहेर पडताना मला अंगठा दाखवून गेला.

कस्तुराताई तिसऱ्या. कोट इस्त्रीचा, टिकली नवी. बसल्या, दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरले. मला कळलं की त्या हाताला बांधून ठेवतायत.

नाव सांगितलं. कुठे राहते ते सांगितलं. मी तपासणीत काम करते, हेही बरोबर. मग बाईंनी विचारलं, दिवसभर तुम्ही काय काय करता? ताई म्हणाल्या, मी कुलूप बघते. मी कुलूप गेजमध्ये लावते. मी खोकं भरतो. म्हणजे 'तो भरतो'चं रूप लागलं. बारीकशी चूक, बाईंच्या लक्षातही आली नसेल. चला पुढे, मी मनात म्हणत होते, ताई, चला. टेबलाखालून डावा हात बाहेर आला. टेबलाच्या काचेवरून डावीकडे सरकला. ताई थांबल्या आणि वाक्य पहिल्यापासून, नीट म्हणाल्या.

असं तीनदा झालं. सात मिनिटं गेली होती आणि माझ्या मोजणीने वाक्यं झाली होती आठ. आठही सरळ.

चौथ्यांदा हात डावीकडे गेला तेव्हा बेगोन्याबाईंनी पेन थांबवून विचारलं, हे हाताने काय करता तुम्ही?

ताई लाजल्या. वाक्य बांधायला वेळ नव्हता. "काखा रोखा," एवढंच म्हणाल्या. लाल खोकं. मग तोंडाकडे बोट दाखवलं, डावीकडे हात नेला, आणि मान हलवली: हे वाईट, हे पुढे जात नाही.

बाई हसल्या नाहीत. त्या ताईंच्या हाताकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, दोन मिनिटं उरलीत, तुम्हाला काही विचारायचंय का?

विचारायचं होतंच. हा प्रश्न ताईंनी दुसऱ्या आठवड्यातच माझ्याकडून करून घेतला होता आणि तेव्हापासून रोज बसमध्ये घोकला होता. त्या खुर्चीत सरळ झाल्या. "क्येन आब्रे ला काखा?" खोकं कोण उघडतं?

कुठलं खोकं, बाईंनी विचारलं.

"मी खोकं,"... हात डावीकडे. "माझं खोकं." आणि मग आकडा, एकेक अक्षर वेगळं करून, "बेइन्तिस्येते." सत्तावीस.

बेगोन्याबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "तुम्ही सत्तावीस आहात?" त्या म्हणाल्या, आणि हळू बोलायचं विसरून एका दमात बरंच काही बोलून गेल्या. त्यातला एकच शब्द ताईंना कळला, नादिए, म्हणजे कोणीही नाही. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

मी भाषांतर केलं. "ताई, त्या म्हणतायत, इंडियातून आलेलं प्रत्येक खोकं तिकडे उघडून परत तपासतात. एक सत्तावीसचं सोडून. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच सांगून ठेवलंय, की सत्तावीसचा शिक्का असेल तर तपासायला कोणी हात लावू नका, सरळ लाइनवर पाठवा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ताईंच्या नाही. त्यांचा चेहरा पडला होता.

"म्हंजे कोणीच बघत न्हाई?" त्या म्हणाल्या. "आठ वर्सं मी रांगा लावून भरायले, आन् तिकडं कोणी उघडून बघतबी न्हाई?"

बाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. तेव्हा मात्र त्या हसल्या, टेबलावर हात आपटून हसल्या. हसणं थांबल्यावर त्यांनी ताईंच्या वर्गाला पेलतील असे दोनच तुकडे निवडले आणि सावकाश म्हणाल्या. तुम्ही येता. तुम्ही उघडता.

मी भाषांतराला तोंड उघडलं, तर ताईंनी हात करून मला गप्प केलं. त्यांना कळलं होतं. एक युनियनवाला होता आणि एक ईर-वाला. दोन्ही त्यांच्याच फळ्यावरचे.

ताई आणि अजिंक्य दोघं गेले. विमानतळावर सोडायला नवनाथभाऊ टेम्पो घेऊन गेले, कारण बॅगांमध्ये चटणी आणि पापड्या इतक्या होत्या की कंपनीच्या कारमध्ये त्या मावेनात. जाताना ताईंनी भाऊंना पुठ्ठ्याची एक गोटी देऊन ठेवली, 'ती'ची. कोणी विचारलं, बायको काय करते, तर स्पॅनिशमध्येच सांगायचं अशी ताकीद होती. भाऊ ते टेम्पोवाल्यांना अजूनही सांगतात.

चौथ्या दिवशी मला ताईंचा आवाजी मेसेज आला. मी चाकणहूनच परतत होते, पुढे कांद्याचे ट्रक, गाडी जागची हलत नव्हती. मागे मशीनचा आवाज होता आणि बरीच माणसं बोलत होती.

"मॅडम, आज उघडलं. आब्रो ला काखा. बरोबर हाय ना? माझंच खोकं, गेल्या महिन्यात भरलेलं. उघडलं तर रांगा जशाच्या तशा, एक नग हालला न्हाई. सगळी माणसं बघायला गोळा झाली. मग मी गेज मागितलं. बेगोन्या म्हणली, कशाला, तुमचंच हाय की. मी म्हणलं, म्हणून तर. दोनशे चाळीस नग लावले एकेक. अजिंक्य मोजायला."

मग त्या हसल्या.

"एक लाल ट्रेत टाकला, मॅडम. कडेला चरा व्हता, माझ्याच शिक्क्याखाली. सगळ्यांनी बघितला. मी त्यांना म्हणलं, आजपासून सत्तावीसचंबी उघडा. ते 'उघडा' तुमी शिकवलं नव्हतं, मी विचारून घेतलं इथं. आता उघडतेत. सकाळी पयलं माझंच उघडतेत."

मागून कोणीतरी त्यांना हाक मारली, ताईंच्या नावाने नाही, नंबराने. त्या स्पॅनिशमध्ये 'येते' म्हणाल्या, अगदी बरोबर म्हणाल्या, हात डावीकडे गेला नसणार. आणि मेसेज संपता संपता परत मराठीत आल्या.

"आन् मॅडम, तुमच्यासाठी किचेन घेतलीय."